शेर, मापटे, वाटी आणि किलो: तांदळाच्या मापांचा हिशेब

शहापूरची सून

जुन्या वहीतलं तांदळाचं माप किलोत आणताना एक घोळ वारंवार होताना दिसतो, म्हणून हा धागा काढतेय. कुणीतरी विचारतं, "आजीनं पाच शेर तांदूळ लिहिलेत, म्हणजे किती?" लगेच उत्तर येतं, "शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, गुणा आणि घ्या."

हे उत्तर वजनी शेराचं आहे. तोळा ११.६६ ग्रॅमचा, असे ऐंशी तोळे म्हणजे पक्का शेर, म्हणून ९३३. गूळ, मिरच्या, हळद या शेरानं तोलायची. तांदूळ, डाळी, जोंधळे घरात मापानं भरायचे. तिथे शेर म्हणजे भांडं, आणि त्यात काय भरलंय त्यावर वजन ठरणार.

माझ्याकडे सासूबाईंची वही आहे. लग्नकार्य, महालक्ष्मी यात्रा, नवरात्रातला प्रसाद, सगळं त्यात आहे. उदाहरणार्थ, "मसालेभात, पन्नास पानं, साडेपाच शेर तांदूळ." आमच्याकडची मापांची उतरंड अशी: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही उतरंड पुष्कळ ठिकाणी अशीच ऐकू येते. शेराचं भांडं मात्र गावोगाव एकसारखं नव्हतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आपला बेळगाव भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. दशमान मापांचा कायदा त्याच वर्षी झाला, किलोची वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. दुकानातून शेर गेला. तांदळाच्या डब्यातलं मापटं मात्र कुणी फेकलं नाही, त्यामुळे पुढेही कितीतरी वर्षं वह्या त्याच मापात लिहिल्या गेल्या.

ज्यांच्या घरात असं जुनं माप असेल त्यांनी एवढं करा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते रिकामं ठेवून काटा शून्यावर आणा. काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग पुसून कोरडं करा, तांदूळ भरा, वरून हात फिरवून सपाट करा आणि पुन्हा तोला.

आमचं पितळी मापटं ५६० मिलीचं निघालं, म्हणजे शेर १.१२ लिटरचा. त्याच मापट्यात इंद्रायणी ४५५ ग्रॅम, सोनामसुरी ४५०, येळ्ळूरच्या शिवारातला बासमती ४३५. म्हणजे शेरभर तांदूळ ८७० ते ९१० ग्रॅम. वहीतले साडेपाच शेर झाले जेमतेम पाच किलो. पन्नास पानांना पाच किलो, पानामागे शंभर ग्रॅम. हिशेब जुळला.

हे ९३३ च्या जवळच आहे, मग एवढा ऊहापोह कशाला, असं वाटेल. तांदळापुरतं चालूनही जाईल. पण वहीत त्याच शेरानं जाडे पोहे मोजलेत, चिरमुरे मोजलेत. माझ्या शेरात जाडे पोहे चारशे ग्रॅमच्याही आत बसतात आणि चिरमुरे सत्तर ग्रॅमच्या आसपास. शेरभर चिरमुरे लिहिलेत म्हणून कुणी ९३३ ग्रॅम आणले तर पोतं घरी येईल.

घरात जुनं माप नसेल तर हा आकडा धरा: एक लिटरच्या भांड्यात साधारण ८०० ग्रॅम तांदूळ बसतो. लांब, बारीक दाणा असेल तर साडेसातशेकडे झुकतो, आखूड आणि भरीव असेल तर सव्वाआठशेकडे. उलट बाजूनं, किलोभर तांदळाला सव्वा लिटर जागा लागते. दीडशे मिलीची वाटी म्हणजे १२० ग्रॅम, दोनशे मिलीचा पेला म्हणजे १६० ग्रॅम.

तुमच्या घरची मापं किती मिलीची आहेत ते इथे लिहा. गावाचं नाव जरूर द्या. निपाणीचं मापटं आणि खानापूरचं मापटं एकच आहे का, ते मला खरंच बघायचंय.

खानापूरकर

वहिनी, धागा चांगला काढलात. आमच्यात अजून पायली आहे, लाकडी, वर लोखंडी पट्टी मारलेली. पाणी घालून मोजता येत नाही ओ, लाकूड पाणी पितंय. म्हणून तांदूळच भरून तोलला. सपाट भरल्यावर जुना इंटाण जातीचा तांदूळ तीन किलो सहाशे. म्हणजे आमचा शेर नऊशे ग्रॅमचा, तुमच्या जवळपासच.

एक गोष्ट जोडतो. जुन्या शेतकी वह्यांत पायली लिहिली असेल तर ती भाताची की तांदळाची, ते आधी बघा. टरफलासकट भात हलका असतो. लिटरभर भात साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम भरतो, तांदूळ आठशे. गिरणीला क्विंटलभर भात घातला की पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ हाती येतो, बाकी कोंडा-तूस. आता मापानं बघा: पायलीभर भाताचा तांदूळ निम्म्या पायलीला थोडा कमीच भरतो. आमचे म्हातारे धरायचे, "दोन पायल्या भात, एक पायली तांदूळ." काट्यावर बघितलं तरी तेच येतंय. काटा नव्हता तेव्हा हिशेब नव्हता असं कुणी समजू नये.

बेंगळुरातला बेळगावकर

मला वेगळीच अडचण आहे. विजेच्या राइस कुकरबरोबर प्लास्टिकचा एक कप मिळाला. पाककृतीत लिहिलं होतं, "दोन कप तांदूळ, चार कप पाणी". त्या कपानं दोन्ही मोजलं तर भात बरा झाला. पण त्याच पाककृतीत मसाला, मीठ, तूप ग्रॅममध्ये दिलं होतं, आणि भात खारट झाला. का?

शहापूरची सून

कुकरबरोबरचा तो कप बहुधा १८० मिलीचा असणार. त्याच्या तळाशी बघा, कोरलेलं असतं. जपानात तांदळाचं जुनं माप १८० मिलीचं होतं, तेच कुकरबरोबर जगभर गेलं. त्यात दीडशे ग्रॅम तांदूळ मावतो. पाककृती लिहिणारा ज्याला कप म्हणतो तो २४० मिलीचा, म्हणजे १९० ग्रॅमचा. ऑस्ट्रेलियातला कप २५० मिलीचा असतो, त्यात दोनशे ग्रॅम.

म्हणजे दोन कपांना तुम्ही तीनशे ग्रॅम तांदूळ घेतलात आणि मीठ तीनशे ऐंशी ग्रॅमांच्या हिशेबानं घातलंत. पाणी त्याच कपानं मोजलं म्हणून भात शिजला. मीठ ग्रॅममध्ये होतं म्हणून ते तेवढंच राहिलं.

तांदूळ आणि पाणी एकाच भांड्यानं मोजलं की ते भांडं किती मिलीचं आहे ते कळायची गरजच उरत नाही. पंचाईत होते ती अर्धा जिन्नस मापात आणि अर्धा वजनात असला की. अशी पाककृती दिसली तर आधी तांदूळ ग्रॅममध्ये आणा, मगच मिठाला हात लावा.

आणि कुकरच्या आतल्या भांड्यावर ज्या रेघा असतात, २, ४, ६ अशा, त्या त्या १८० मिलीच्या कपासाठीच आखलेल्या असतात. तो कप हरवला आणि चहाच्या कपानं मोजायला लागलात तर रेघा उपयोगाच्या नाहीत.

हलग्याचा गणित मास्तर

मला एक कळत नाही. घरोघरी काटा आलाय, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मग माप, वाटी, कप हे सगळं सोडून सरळ ग्रॅममध्येच का लिहू नये? तांदूळ २०० ग्रॅम, पाणी ४०० ग्रॅम. संपलं.

शहापूरची सून

सर, विकत घेताना, कार्याचा हिशेब करताना आणि पाककृती लिहून दुसऱ्याला देताना वजनच हवं. याबद्दल माझं दुमत नाही. शेजारणीला पाककृती देताना मी ग्रॅममध्येच देते, कारण तिची वाटी माझी नाही.

पण रोजचा भात मापानंच सोपा, आणि माझ्या मते बरोबरही. तुमचंच उदाहरण घ्या. वाटीला दोन वाट्या पाणी हे प्रमाण आकारमानाचं आहे. वाटीभर तांदूळ १२० ग्रॅम आणि दोन वाट्या पाणी ३०० ग्रॅम, म्हणजे वजनात ते प्रमाण एकास अडीच. कुणी "एकास दोन" ऐकून दोन्ही काट्यावर तोलली तर पाणी पाचव्या हिश्श्यानं कमी पडेल. तुमचे २०० ग्रॅमला ४०० म्हणजे वाटीच्या भाषेत एकास एक आणि सहा दशांश झालं. नव्या इंद्रायणीला ते बेताचं आहे. वर्षभर जुन्या सोनामसुरीला द्याल तर दाणा मध्ये कच्चा राहील.

पाककृती वजनात असेल तर पाणीही वजनात किंवा मिलीत दिलेलं आहे ना ते बघा. मापात असेल तर दोन्ही मापात. एक पाय या होडीत, एक त्या होडीत ठेवला की बुडतं.

हलग्याचा गणित मास्तर

पटलं. १.६ चं गणित मी स्वतः करायला हवं होतं. मग एक भर घालतो. तांदळाच्या दाण्याची घनता १.४५ च्या आसपास असते आणि भांड्यात भरलेल्या तांदळाची ०.८. म्हणजे भांड्यातली जवळजवळ ४५ टक्के जागा दाण्यांमधल्या हवेची. पेलाभर तांदळात पाणी ओतून बघा. जवळपास अर्धा पेला पाणी आत जिरतं तेव्हा कुठे ते तांदळाच्या वर दिसायला लागतं. तांदूळ ठोकून भरला की ही पोकळी कमी होते आणि त्याच मापट्यात जास्त तांदूळ बसतो. म्हणून "सपाट" एवढंच सांगणं पुरेसं नाही. सैल भरून सपाट की आपटून सपाट, तेही सांगितलं पाहिजे.

निपाणीची काकी

आमच्या सासरी शेराचं भांडं नव्हतं, मापटं होतं. पाणी घालून आत्ताच बघितलं, ५४० मिली. शहापूरच्या सूनबाईच्या मापट्यापेक्षा वीस मिलीनं कमी. शेराला चाळीस मिली, म्हणजे तीस-बत्तीस ग्रॅम तांदूळ. फार नाही, पण पायलीला सव्वाशे ग्रॅम झाला की.

आता खरं बोलायचं ते शिगेचं, म्हणजे मापाच्या काठावर राहणाऱ्या ढिगाचं. आमच्याकडे मापटं कुणी सपाट भरतच नसे. दान द्यायचं, देवाला काढायचं, माहेरवाशिणीच्या ओटीत घालायचं तर शीग लावूनच. शेतावर काम करणाऱ्या बाईला सपाट माप दिलं तर घरधनिणीचं नाव गावात निघायचं. वहीत "दोन मापटी" असेल तर ती सपाट की शिगेची, हे लिहिणाऱ्या बाईची रीत माहीत असल्याशिवाय सांगता येणार नाही. आमच्या आत्याबाई कार्याचा तांदूळ शिगेनं काढायच्या आणि घरचा रोजचा सपाट. दोन्ही वहीत एकाच नावानं.

हलग्याचा गणित मास्तर

काकू, शिगेचा हिशेब काढून देतो. तांदूळ ओतल्यावर तयार होणारा ढीग साधारण तीस ते पस्तीस अंशांत उतरतो, त्याहून उभा राहत नाही, घसरतो. मापट्याचं तोंड आठ सेंटीमीटर असेल तर शिगेत ३९ ते ४७ मिली तांदूळ मावतो, म्हणजे तीस ते सदतीस ग्रॅम. शेराचं तोंड बारा सेंटीमीटर असेल तर १३० ते १६० मिली, म्हणजे शंभर ते सव्वाशे ग्रॅम. तोंड दीडपट झालं की शीग सव्वातीनपटीच्याही वर जाते.

यातून एक गोष्ट दिसते. बसकट, रुंद तोंडाचं माप शिगेनं भरलं की घेणाऱ्याचा फायदा. उंच, अरुंद माप शिगेनं भरलं तरी फार फरक पडत नाही. एकाच लिटरची दोन मापं, पण घेणाऱ्याच्या पदरात वेगवेगळा तांदूळ.

निपाणीची काकी

म्हणूनच आमची आत्याबाई बाजारात रुंद तोंडाचं माप घेऊन बसणाऱ्या बाईकडूनच चिरमुरे घ्यायची! कारण आज कळलं.

कडोलीचा आचारी

नमस्कार मंडळी. मी यात्रेच्या आणि लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करतो. घरचा हिशेब आणि पंगतीचा हिशेब यात लोक फसतात ते पाण्याला, तांदळाला नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

तांदूळ किती? आमच्या भागात महालक्ष्मी यात्रेला पाहुणा येतो तो भरपेट जेवायला येतो. नुसता पांढरा भात आणि रस्सा असेल तर किलोला आठ माणसं धरा. चपाती किंवा भाकरी, एखादी भाजी आणि गोड असेल तर किलोला दहा. वरच्या वहीतलं पन्नास पानांना पाच किलो हे याच हिशेबात बसतंय. पानं मोजताना लहान मुलं दोनाला एक धरतात, मी तसं धरत नाही. बारा-चौदा वर्षांची पोरं मोठ्यांपेक्षा जास्त भात खातात.

पाणी किती? घरात बाई वाटीला दोन वाट्या घालते. किलोच्या भाषेत ते अडीच लिटर झालं. आता कुणी हाच हिशेब वीस किलोला लावला आणि पन्नास लिटर पाणी ओतलं, तर भात नाही, पेज होईल. कारण असं आहे. तांदूळ स्वतःच्या मापाएवढं किंवा थोडं जास्त पाणी पितो. उरलेलं वाफेवाटे जातं. लहान पातेल्यात तांदळाच्या मानानं वाफ खूप जाते, मोठ्या हंड्यात कमी जाते. तांदूळ वीसपट झाला म्हणून वाफ वीसपट होत नाही. म्हणून मी पाच किलोपर्यंत किलोला दोन लिटर धरतो, दहाच्या पुढे किलोला पावणेदोन. आधण आधी उकळून घ्यायचं, तांदूळ धुऊन निथळून मग घालायचा. धुतलेल्या तांदळाबरोबर येणारं पाणीही मोठ्या हिशेबात मोजावं लागतं. दहा किलो तांदूळ नीट निथळला नाही तर लिटरभर पाणी तसंच आत येतं.

भांडं किती मोठं? किलो तांदळाचा अडीच ते पावणेतीन किलो भात होतो आणि त्याला साडेतीन-चार लिटर जागा लागते. दहा किलोला चाळीस लिटरचं पातेलं म्हणजे गच्च भरलं. ढवळायला, उलथनं फिरवायला चार बोटं मोकळी हवीत, म्हणून पंचेचाळीस-पन्नासचं घ्या. भाड्याची भांडी आणताना दुकानदार "दहा किलोचं पातेलं" म्हणून देतो. ते दहा किलो तांदळाचं की दहा किलो भाताचं, ते विचारूनच उचला.

नवा तांदूळ आला असेल तर या सगळ्यातून पाणी आणखी कमी. दिवाळीनंतर आलेली इंद्रायणी कार्याला घेऊच नका, तिचा गोळा होतो. घरात तूप-मेतकुटाबरोबर तीच छान लागते, पण पंगतीला वाढताना डाव चिकटतो.

कारवारकर

आमच्याकडे उकडा तांदूळ, त्यामुळे ही एकास दोनची भांडणंच नाहीत. भरपूर पाण्यात शिजवायचा, शिजला की पेज काढून घ्यायची. पाणी मोजत कोण बसतंय. वजन-मापाचा प्रश्न फक्त "माणशी किती तांदूळ" एवढाच उरतो. पण बेळगावला बहीण दिली आहे, ती उकडा तांदूळ कुकरला लावते. तिला कुणी प्रमाण सांगेल का?

शहापूरची सून

उकड्याला साध्या तांदळापेक्षा पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. वाटीला तीन वाट्यांपासून सुरुवात करायला सांगा आणि आधी तासभर भिजवू द्या. पण भिजवण्याआधी मोजायचं, हे जरूर सांगा. भिजलेला तांदूळ आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढं पाणी पिऊन फुगलेला असतो. शंभर ग्रॅम तांदूळ भिजून निथळला की सव्वाशेच्या आसपास भरतो. कुणी भिजलेला तांदूळ वाटीनं मोजून पुन्हा पूर्ण पाणी घातलं तर भात गिजका होणारच. पाककृतीतला तांदूळ कोरडाच धरायचा, उकडा असो की बासमती.

वडगावची नवी गृहिणी

माझी आई मुठीनं मोजते. माणशी दोन मुठी. सासूबाई तांदळावर बोटाचं एक पेर पाणी ठेवतात. मला दोन्ही जमत नाही. या दोन्हींना काही आधार आहे का?

निपाणीची काकी

बाळ, मूठ ज्याची त्याची. आईच्या दोन मुठी एकदा काट्यावर ठेव आणि आकडा लिहून ठेव. माझ्या मुठीत चाळीस ग्रॅम बसतो, यजमानांच्या मुठीत साठाच्या पुढे. आईची मूठ तुझ्या हाताला येणार नाही, पण तिचा आकडा तुला वापरता येईल. आमच्या घरी दोन्ही वेळा चपाती-भाकरी असते, तर माणशी साठ-सत्तर ग्रॅम पुरतो. नुसता आमटी-भात असला की शंभर.

हलग्याचा गणित मास्तर

पेराला आधार आहे. वर म्हटलं तसं दाण्यांमधल्या पोकळीत तांदळाच्या मापाच्या निम्म्याला थोडं कमी पाणी आधीच भरलेलं असतं. तांदूळ वाढवला की ते आपोआप वाढतं. पेरभर पाणी म्हणजे अडीच सेंटीमीटरचा थर, तो उरलेली तहान आणि वाफ भागवतो. घरच्या नेहमीच्या पातेल्यात, नेहमीच्या माणसांना हे बरोबर बसतं. पातेलं बदललं की बिघडतं. रुंद पातेल्यात थोडा तांदूळ पसरला तर एक पेर पाणी फार होतं, आणि उभट डब्यात गच्च तांदूळ भरला तर तेच कमी पडतं. सासूबाईंचं पातेलं तेच ठेवा, पेर चालेल.

चिकोडीचा नातू

आजोबांच्या कागदांत एका मुंजीचा खर्च सापडलाय. "तांदूळ एक मण, पानं एकशे वीस." मण म्हणजे ३७ किलो असं शोधल्यावर दिसतं. एकशे वीस माणसांनी ३७ किलो तांदूळ खाल्ला?

शहापूरची सून

नाही. ३७.३२ किलोचा मण म्हणजे चाळीस पक्क्या शेरांचा, सरकारी आणि रेल्वेच्या हिशेबातला. मुंबईकडच्या व्यवहारात जुना मण अठ्ठावीस पौंडांचा होता, म्हणजे १२.७ किलो. शिवाय मापाचा मण वेगळाच, तो बारा पायल्यांचा आणि काही ठिकाणी सोळा पायल्यांचा.

पानांवरून ताडून बघा. १२.७ किलो भागिले एकशे वीस, म्हणजे पानाला १०६ ग्रॅम. कडोलीच्या आचाऱ्यांचा हिशेब तोच सांगतो. ३७ किलो धरले तर पानाला तीनशे ग्रॅमच्या वर जातं, ते कुणाला खाववणार नाही. तेव्हा आजोबांचा मण अठ्ठावीस पौंडांचा, किंवा त्याच्या आसपासचा.

जुन्या वहीत पानांची संख्या दिली असेल तर तिच्याइतका खात्रीचा दाखला दुसरा नाही. माप बदललं, राज्य बदललं, पण एका माणसाच्या पोटात मावणारा भात फार बदललेला नाही.

चिकोडीचा नातू

खूप आभार. त्याच कागदावर "डाळ चार पायली" आहे. तीही अशीच काढू का?

शहापूरची सून

काढा, पण पायली भांड्याची, मणाशी तिची गल्लत करू नका. तूर डाळ आणि उडीद डाळ लिटरला आठशे-साडेआठशे ग्रॅमच्या घरात असतात, तांदळाच्या जवळच. त्यामुळे इडलीचं तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ हे प्रमाण वजनात तीनशे आणि शंभर ग्रॅम केलं तरी काही बिघडत नाही.

पिठाला मात्र हे लावू नका. तांदूळ दळला की जागा जास्त खातो आणि दाबला की आकसतो. २४० मिलीच्या एकाच कपात सैल पीठ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास आणि दाबून भरलेलं दीडशेच्या वर, असा फरक पडतो. चकलीची भाजणी, तांदळाची भाकरी, मोदकाची उकड यांची पाककृती कुणाला सांगायची असेल तर पीठ ग्रॅममध्येच सांगा. उकडीला पिठाएवढंच पाणी म्हणतात ते एकाच वाटीनं, सैल भरलेल्या.

बेंगळुरातला बेळगावकर

शेवटचं एक. इथे चिरमुरे पिशवीत मिळतात, २०० ग्रॅमची पिशवी. आईची भडंगाची कृती "चार शेर चिरमुरे, पाव शेर शेंगदाणे" अशी आहे. किती पिशव्या आणू?

निपाणीची काकी

चिरमुरे शेराला सत्तर ग्रॅम धरले तर चार शेर म्हणजे २८० ग्रॅम. दीड पिशवी लागेल, दोन आण. शेंगदाणे पाव शेर म्हणजे एक चिपटं, ते पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास बसतील. आणि आईला विचार, तिचे चार शेर शिगेचे होते का. चिरमुऱ्याला आमच्याकडे कुणी सपाट भरत नाही.

बेंगळुरातला बेळगावकर

विचारलं. शिगेचे.

निपाणीची काकी

मग दोन्ही पिशव्या बहुतेक पूर्ण लागतील. चिरमुऱ्याची शीग तांदळापेक्षा उभी राहते. तेल, लसूण आणि मेतकूट दोन पिशव्यांच्या हिशेबानं घे.